मागील चाकांवर चालणाऱ्या मोटारींतील इलेक्ट्रॉनिक स्थैर्य नियंत्रण : तत्त्व, कार्य आणि मर्यादा

सारांश : मागील चाकांना इंजिनाची शक्ती मिळणाऱ्या मोटारी निसरड्या वळणावर मागून घसरतात. हे घसरणे रोखणाऱ्या इलेक्ट्रॉनिक स्थैर्य नियंत्रण प्रणालीचे शास्त्रीय तत्त्व प्रस्तुत लेखात स्पष्ट केले आहे. ही प्रणाली नवी पकड निर्माण करीत नाही, तर असलेल्या पकडीची योग्य वाटणी करते, हे लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

१. प्रस्तावना

मोटारीच्या सुरक्षिततेच्या इतिहासात १९७८ हे वर्ष महत्त्वाचे मानले जाते. त्या वर्षी मर्सिडीज-बेंझच्या एस-क्लास मोटारीत बॉश कंपनीची इलेक्ट्रॉनिक ॲण्टी-लॉक ब्रेक प्रणाली उपलब्ध झाली. जोरात ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणे हे तिचे कार्य होते. मात्र ब्रेक न दाबताही मोटार वळणावर भरकटू शकते, हा प्रश्न शिल्लक होता. त्याचे उत्तर १९९५ मध्ये मिळाले. मर्सिडीज-बेंझ एस ६०० कूपे या मोटारीत बॉशची स्थैर्य नियंत्रण प्रणाली प्रथम बसविण्यात आली. ही मोटार मागील चाकांवर चालणारी होती. या प्रणालीच्या विकासाचे नेतृत्व करणारे अभियंते अँटन व्हॅन झांटेन यांना २०१६ मध्ये युरोपियन इन्व्हेंटर अवॉर्डचा जीवनगौरव सन्मान प्राप्त झाला.

२. टायरची पकड आणि तिची वाटणी

मोटारीचा रस्त्याशी संबंध केवळ चार टायरांच्या तळहाताएवढ्या भागांतून येतो. वेग वाढविणे, थांबणे आणि वळणे या तिन्ही क्रियांना लागणारे बल तेथील घर्षणातूनच मिळते. हे घर्षण मर्यादित असते. पुढे ढकलणारे बल व आडवे धरून ठेवणारे बल यांच्या वर्गांची बेरीज एकूण पकडीच्या वर्गापेक्षा अधिक होऊ शकत नाही. म्हणजेच एका कामासाठी पकड खर्च झाली की दुसऱ्या कामासाठी ती कमी उरते.

पुढील चाकांवर चालणाऱ्या मोटारीत हा ताण पुढच्या चाकांवर पडतो. ॲक्सिलरेटर अधिक दाबल्यास पुढची चाके घसरून मोटार वळणाबाहेर सरळ जाऊ पाहते. यास अल्पवळण म्हणता येईल. मागील चाकांवर चालणाऱ्या मोटारीत मागची चाके मोटार ढकलतात आणि तिचा मागचा भाग आडवा घसरू नये म्हणून धरूनही ठेवतात. त्यांची पकड ढकलण्यातच संपली तर मागचा भाग बाहेर फेकला जातो व मोटार स्वतःभोवती फिरू लागते. हे अतिवळण होय.

एका उदाहरणाने हे स्पष्ट होईल. एका मागील चाकाची कोरड्या रस्त्यावरील कमाल पकड ५००० न्यूटन मानू. इंजिनाकडून त्यावर २४०० न्यूटन बल येत असेल, तर आडव्या दिशेसाठी सुमारे ४३९० न्यूटन उरतात. आता पाऊस पडून एकूण पकड निम्मी, म्हणजे २५०० न्यूटन झाली. चालकाने पाय तेवढाच ठेवला तर आडव्या दिशेसाठी केवळ ७०० न्यूटन उरतात. एकूण पकड निम्मी होते, परंतु वळणावर धरून ठेवण्याची क्षमता सहा पटींहून अधिक घटते. चालकाला याची जाणीव होईपर्यंत मोटार घसरू लागलेली असते.

३. अपेक्षित आणि प्रत्यक्ष वळण

चालकाला कोठे जायचे आहे आणि मोटार प्रत्यक्षात कोठे जात आहे, या दोहोंची तुलना हा प्रणालीचा गाभा आहे. स्टिअरिंग किती फिरवले आहे आणि प्रत्येक चाक किती वेगाने फिरते आहे, यांवरून अपेक्षित वळण काढले जाते. मोटार स्वतःच्या उभ्या अक्षाभोवती किती वेगाने फिरते व तिच्यावर किती आडवे त्वरण येते, हे मोजणारे संवेदक प्रत्यक्ष स्थिती कळवतात.

समजा, मोटार ताशी ७२ किलोमीटर वेगाने १०० मीटर त्रिज्येच्या वळणावर आहे. तिने सेकंदाला सुमारे ११.५ अंश फिरणे अपेक्षित आहे. संवेदकाने १७ अंश नोंदवले तर मागचा भाग घसरत आहे, असा अर्थ होतो. आकडा ७ अंश आला तर मोटार पुरेशी वळत नाही, असे समजते.

४. हस्तक्षेपाचे तीन मार्ग

पहिला मार्ग इंजिनाची शक्ती कमी करणे हा आहे. मागील चाकांवर चालणाऱ्या मोटारीत त्याचे महत्त्व विशेष आहे, कारण घसरणाऱ्या चाकांवरील भार त्यामुळे थेट हलका होतो. वरील उदाहरणात ओल्या रस्त्यावरील २४०० न्यूटन बल १५०० वर आणले, तर आडव्या दिशेसाठी ७०० ऐवजी २००० न्यूटन उपलब्ध होतात.

दुसरा मार्ग एकाच चाकाला ब्रेक लावण्याचा आहे. डावीकडे वळताना मागचा भाग उजवीकडे घसरू लागल्यास प्रणाली उजव्या बाजूच्या पुढील चाकाला ब्रेक लावते. त्यामुळे मोटारीला उजवीकडे फिरवणारे बल निर्माण होऊन तिचे डावीकडे अतिरिक्त फिरणे थांबते. मोटार पुरेशी वळत नसेल, तर डावीकडील मागच्या चाकाला ब्रेक लावून तिला वळणात ओढले जाते. प्रत्येक चाकाला स्वतंत्रपणे ब्रेक लावणे चालकाला शक्य नसते. त्याच्यापाशी ब्रेकचे एकच पेडल असते.

तिसरा मार्ग वरकरणी विसंगत वाटतो. निसरड्या रस्त्यावर चालकाने अचानक खालचा गिअर टाकला, तर इंजिन केवळ मागच्या चाकांना मागे खेचते. त्यानेही ती घसरतात. अशा वेळी इंजिनाची शक्ती किंचित वाढविली जाते. आतापर्यंत शक्ती कमी करणारी प्रणाली येथे ती वाढवते. हेतू मात्र मागच्या चाकांची आडवी पकड वाचविण्याचाच असतो.

५. विद्युत मोटारींच्या संदर्भात

मागील चाकांवर चालणारी रचना विद्युत मोटारींमुळे पुन्हा प्रचारात आली आहे. पुण्याजवळील चाकण येथे तयार होणाऱ्या महिंद्राच्या बीई ६ व एक्सईव्ही ९ई या मोटारी त्याच प्रकारच्या आहेत. विद्युत मोटरची शक्ती इंजिनापेक्षा कितीतरी त्वरेने कमी-अधिक करता येते. हा मोठा लाभ आहे. परंतु ॲक्सिलरेटरवरून पाय काढताच होणारे, बॅटरीत ऊर्जा परत भरणारे ब्रेकिंग अशा मोटारीत मागच्या चाकांवरच येते. म्हणून घसरण जाणवताच ते कमी करण्याची जबाबदारीही स्थैर्य नियंत्रणाकडे येते.

६. उपयुक्तता आणि मर्यादा

अमेरिकेच्या राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाने २००७ मध्ये या प्रणालीविषयीचा नियम केला. तिच्यामुळे एकाच वाहनाचे अपघात साध्या मोटारींत ३४ टक्के व एसयूव्हींत ५९ टक्के कमी होतील, असा त्या वेळचा अंदाज होता. भारतात १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या भारत एनकॅप या ऐच्छिक मूल्यांकनात तीन वा अधिक तारे मिळविण्यासाठी ही प्रणाली आवश्यक ठरविण्यात आली आहे.

तथापि, झिजलेल्या टायरला ही प्रणाली नवे करू शकत नाही. वळणावर लागणारे आडवे बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी ६० ऐवजी ७५ किलोमीटर वेग ठेवल्यास ते सुमारे ५६ टक्क्यांनी अधिक लागते. रस्त्यावर तेवढे घर्षणच नसेल, तर चारही चाकांत वाटण्याजोगे काही उरत नाही. चिखलात वा वाळूत रुतलेली मोटार बाहेर काढताना मात्र चाके थोडी फिरू द्यावी लागतात. त्यासाठी ही प्रणाली बंद करण्याचे बटण दिलेले असते. पावसाळी घाटात त्याचा वापर करण्याचे काहीही प्रयोजन नाही.

७. निष्कर्ष

मागील चाकांवर चालणाऱ्या मोटारीत ॲक्सिलरेटर केवळ वेग ठरवत नाही, तो वळणावरील स्थैर्यही ठरवतो. चालकाच्या एका पायातून निघणाऱ्या या दोन आज्ञांमध्ये विरोध उत्पन्न झाल्यास स्थैर्याच्या बाजूने निर्णय देणे, हे इलेक्ट्रॉनिक स्थैर्य नियंत्रणाचे कार्य होय. वाटणी कुशल असली तरी मूळ पुंजी टायर, रस्ता आणि वेग यांवरच अवलंबून राहते. डॅशबोर्डवरील पिवळा दिवा लुकलुकू लागला, तर ती पुंजी संपत आल्याची सूचना मानून चालकाने वेग हळूहळू कमी करणे, हाच या तंत्रज्ञानाचा योग्य उपयोग ठरतो.