टाचणानंतरचं पान

शिक्षकाचं टाचण पाठाच्या आधी लिहिलं जातं. उद्या काय शिकवायचं, कोणतं साहित्य न्यायचं, कोणते प्रश्न विचारायचे, ते सगळं त्यात असतं. पाठ झाल्यावर वर्गात खरोखर काय घडलं, ते लिहायला मात्र त्या वहीत बहुधा जागा उरत नाही. ऑनलाइन प्रशिक्षणातलं चिंतनलेखन म्हणजे हे राहून गेलेलं पान. ‘दीक्षा’सारख्या मंचावर व्हिडिओ पाहून आणि प्रश्नमंजूषा सोडवून प्रमाणपत्र मिळतं, २०२० मध्ये ‘निष्ठा’ प्रशिक्षणही तिथे ऑनलाइन आलं. पण ऐकलेलं आपल्या वर्गात उतरलं का, हे प्रश्नमंजूषेला कळत नाही. ते शिक्षकानेच लिहायचं आणि दुसऱ्या शिक्षकाने वाचायचं.

लिहिण्यासाठी अनेक ठिकाणी ग्रॅहम गिब्ज यांनी १९८८ मध्ये मांडलेलं चक्र वापरतात. काय घडलं, काय वाटलं, काय जमलं आणि काय नाही, तसं का झालं, त्यातून काय समजलं, आता पुढे काय करणार, अशा सहा पायऱ्या. त्यातली अवघड पहिलीच.

समजा, पाचवीला अपूर्णांकांची तुलना शिकवली आणि बाईंनी लिहिलं, ‘पाठ चांगला झाला, पण काही मुलांची संकल्पना स्पष्ट झाली नाही.’ हे वर्णन नाही, निकाल आहे. यावर पुढच्या पाच पायऱ्या चढता येत नाहीत. मार्गदर्शकाने परत पाठवल्यावर त्या लिहितात, ‘फळ्यावर दोन भाकऱ्या काढल्या. एकीचे तीन सारखे भाग केले, दुसरीचे चार. कुठला तुकडा मोठा, विचारलं. एक मुलगी म्हणाली, एक छेद चार मोठा. मी “नीट बघ” म्हटलं आणि पुढे गेले.’ ‘तसं का झालं’ या पायरीवर त्या लिहितात, ‘तीनपेक्षा चार मोठे, हाच नियम तिने छेदाला लावला असावा.’ आता हाताशी काही आलं. (मुलीचं नाव लिहायचं नाही. हे पान अनोळखी माणसं वाचणार आहेत.)

पुढचं काम सहकाऱ्यांचं. ‘मूडल’ या प्रणालीत त्यासाठी ‘वर्कशॉप’ नावाची सोय आहे. ठरलेल्या तारखेपर्यंत सगळ्यांनी लेखन द्यायचं, मग प्रणाली ते इतरांना वाटून देते. हवं तर नावं झाकता येतात. मूळ रचनेत लेखनाला ८० गुण असतात आणि दुसऱ्याचं लेखन तपासण्याच्या कामाला २०. हे २० गुण मला मोलाचे वाटतात, कारण दुसऱ्याचं नीट वाचणं हीसुद्धा शिकण्याची गोष्ट आहे, हे त्यातून मान्य होतं.

बाईंना तिघांची उत्तरं येतात. पहिलं: ‘खूप छान! भाकरीचं उदाहरण आवडलं.’ प्रेमळ आहे, पण त्याचं करायचं काय? दुसरं: ‘भाकरीऐवजी कागदाच्या पट्ट्या वापरायला हव्या होत्या.’ हा शेरा झाला. तपासणीला येणाऱ्यांचे शेरे वाचण्यात आपली नोकरीची वर्षं गेलेली असतात, म्हणून सहकाऱ्याला लिहितानाही हात आपसूक तिकडे वळतो. तिसऱ्याने फक्त विचारलेलं असतं, ‘दोन्ही भाकऱ्या एकाच मापाच्या होत्या का?’

बाई त्या दिवशी काढलेला फळ्याचा फोटो बघतात. चार भागांची भाकरी चांगलीच मोठी काढली गेली होती. म्हणजे मुलगी कदाचित नीटच बघत होती. त्या भाकरीचा चौथा भाग खरोखरच मोठा होता. ‘तसं का झालं’ या पायरीवर जे लिहिलं होतं, ते आता पुन्हा लिहावं लागतं. चूक छेदाच्या समजुतीत होती की चित्रात, हे अजून ठरलेलं नाही आणि ते ठरवायला त्या मुलीशी बोलावं लागेल.

मग सहावी पायरी ठोस होते. सोमवारी सारख्या लांबीच्या दोन पट्ट्या, घड्या घालून एकीचे तीन सारखे भाग, दुसरीचे चार, आणि त्या मुलीला आधी विचारायचं, ‘तुला तेव्हा असं का वाटलं?’ सल्ला दुसऱ्या उत्तरातही पट्ट्यांचाच होता; पण पट्ट्या कशासाठी, हे बाईंना तिसऱ्याच्या प्रश्नामुळे उमगलं.

अनेक अभ्यासक्रम इथे गुण देऊन थांबतात. मला वाटतं, आणखी एक तारीख आधीच ठरवून ठेवावी. सोमवारी मुलगी काय म्हणाली, ते बाईंनी लिहावं आणि ते पान प्रश्न विचारणाऱ्या त्या तिसऱ्या शिक्षकाकडे जावं.