पाकिटावरचा २८२

वाशीत सकाळी बेकरीतून आणलेला लादीपाव पावसाळ्यात दोन-तीन दिवसांत बुरसटतो. पाकीटबंद स्लाइस ब्रेड मात्र चार-पाच दिवस तग धरतो. खाडीकाठची दमट हवा म्हणजे बुरशीचं माहेरच. फरक पडतो तो मुख्यतः घटकांच्या यादीत बारीक अक्षरांत छापलेल्या '२८२'मुळे, म्हणजे कॅल्शियम प्रोपियोनेटमुळे.

भट्टीत बुरशीचे बीजाणू मरतात. नवे येतात ते ब्रेड थंड होताना, कापताना, हवेतून आणि सुरीवरून. प्रोपियोनेट त्यांची वाढ रोखतं. पीठ फुगवणाऱ्या यीस्टला मात्र फारसं छळत नाही. म्हणून बेकरीवाल्यांना ते सोयीचं. आम्लात ते अधिक प्रभावी ठरतं. स्विस चीजमध्ये तर प्रोपियोनिक आम्ल आपसूक तयार होतं, तेव्हा नुसत्या आकड्याला घाबरण्यात अर्थ नाही.

२०१६ साली गाजलेलं पोटॅशियम ब्रोमेट वेगळं. ते टिकवण्यासाठी नव्हे, तर मळलेलं पीठ बळकट होऊन पाव छान फुगावा म्हणून घालत. दिल्लीच्या 'सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट'च्या तपासणीनंतर त्याच वर्षी त्यावर बंदी आली.

फ्रिजमध्ये बुरशी मंदावते, पण थंडीत स्टार्चचे रेणू पुन्हा घट्ट रचले जातात आणि ब्रेड उलट लवकर कडक होतो. जास्त दिवस ठेवायचाच तर फ्रीझर बरा. आणि हिरवा ठिपका दिसला की तेवढाच तुकडा काढून बाकीचा खाण्याची आपली काटकसर इथे नको. बुरशीचे तंतू आत दूरवर गेलेले असू शकतात.