छडीनंतरची शिस्त

वेताची छडी, निगडीचा ओला फोक, लाकडी पट्टी, अंगठे धरून ओणवं उभं राहणं, बाकावर चढणं, वर्गाबाहेर काढलं जाणं. महाराष्ट्रातल्या कित्येक पिढ्यांना शाळेची शिस्त याच रूपात भेटली. तिला घराची पूर्ण संमती होती. मुलाला शाळेत घालताना ‘हाडं आमची, कातडी तुमची’ असं बाप मास्तरांना सांगून मोकळा होई. मार खाल्ल्याचं घरी कळलं, तर आणखी दोन धपाटे बसत. शाळा आणि घर यांचं शिस्तीबाबत एकमत होतं. मुलाला मात्र त्यात कोणी विचारत नव्हतं.

गेल्या चाळीस वर्षांत कायद्याने हे एकमत मोडीत काढलं आणि ते योग्यच झालं. त्या जागी पालक आणि शिक्षकांनी मिळून नवं एकमत घडवायचं होतं. ते काम बहुतेक शाळांत अजून सुरूही झालेलं नाही.

छडीशिवाय शिस्त लागू शकते, हे आपल्याकडे कायद्याच्या फार आधी दिसलं होतं. १९२४ मध्ये साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक झाले. छात्रालयाची जबाबदारी आल्यावर मुलांच्या अस्ताव्यस्त खोल्या ते स्वतः आवरत आणि मुलांसाठी ‘छात्रालय दैनिक’ हाताने लिहून काढत. ताराबाई मोडक यांनी भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासोबत भय आणि शिक्षा यांना जागा नसलेलं बालशिक्षण उभं केलं. पुढे १९४५ मध्ये त्यांनी बोर्डीला आणि नंतर कोसबाडला अनुताई वाघ यांच्यासह काम केलं. तिथली आदिवासी मुलं गुरं राखायला जात, म्हणून शाळेत येत नसत. इतर कुठे गैरहजेरीबद्दल पट्टी बसली असती. इथे शाळाच कुरणावर गेली. मूल नियम का मोडतं, हे आधी त्याच्या घरात आणि परिसरात शोधायचं, हा धडा तिथे मिळतो. १९८५ मध्ये लीलाताई पाटील यांनी कोल्हापुरात सृजन आनंद विद्यालय सुरू केलं, तेही याच वाटेवरचं पाऊल होतं.

अशा शाळा थोड्या होत्या. सर्वदूरचा बदल धोरणातून आला. १९८६ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने शारीरिक शिक्षा शिक्षणव्यवस्थेतून पूर्णपणे हद्दपार करण्याचं म्हटलं. १९९२ मध्ये भारताने बालहक्कांच्या आंतरराष्ट्रीय संहितेला मान्यता दिली. शाळेतली शिस्त मुलाच्या प्रतिष्ठेला धरून असावी, ही अट त्या संहितेत आहे. २००० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तिथल्या शाळांना शारीरिक शिक्षेची मुभा देणारे नियम रद्द केले. हे सारं होऊनही वर्गातली परिस्थिती किती कमी बदलली, ते २००७ मध्ये कळलं. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने १३ राज्यांत १२,४४७ मुलांशी बोलून अभ्यास केला. शाळेत जाणाऱ्या मुलांपैकी ६५ टक्क्यांनी शारीरिक शिक्षा झाल्याचं सांगितलं. या राज्यांत महाराष्ट्रही होता.

१ एप्रिल २०१० पासून शिक्षण हक्क कायदा लागू झाला. त्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींवर बंदी घातली. टोमणे मारणं, जातीवरून किंवा गरिबीवरून हिणवणं, चारचौघांत अपमान करणं हेही आता गुरुजींचा अधिकार राहिलं नाही. याच कायद्याचं कलम २१ कमी चर्चेत आलं, पण माझ्या मते तेवढंच मोलाचं आहे. सरकारी आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती हवी, तिचे ७५ टक्के सदस्य पालक हवेत आणि निम्म्या महिला हव्यात, असं ते सांगतं. एका कलमाने छडी काढून घेतली, तर दुसऱ्याने पालक आणि शिक्षकांना एकत्र बसण्याची जागा दिली. ही दोन्ही कलमं एकत्र वाचायला हवी होती. आपण ती वेगवेगळी वाचली.

परिणाम समोर आहे. समितीच्या बैठकीत गणवेश, पोषण आहार, स्वच्छतागृहाची दुरुस्ती, अनुदानाचा खर्च हे विषय येतात, आणि ते यायलाच हवेत. शिस्त मात्र विषयपत्रिकेवर क्वचितच असते. अनेकदा रोजंदारी बुडवून आलेली आई इतिवृत्तावर सही करते आणि निघून जाते. नियमावली मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठरते आणि शाळेच्या डायरीत छापून येते. इकडे शिक्षक एकटे पडले. हात उगारायचा नाही हे त्यांना परिपत्रकाने सांगितलं. पण गच्च भरलेल्या वर्गात एक मुलगा दुसऱ्याला मारत असताना त्या क्षणी काय करायचं, हे शिकवणारं प्रशिक्षण फार थोड्यांना मिळालं. काहींनी गुपचूप जुनीच वाट धरली. काहींनी ‘शिकवायचं आणि निघायचं, नसती भानगड नको’ असं ठरवून मुलांकडे पाहणंच सोडलं. मुलाचं नुकसान दोन्हीकडे झालं.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि शिक्षणासाठी म्हणून मुलांच्या हाती मोबाइल आला. शाळा उघडल्या, पण तो हातातून सुटला नाही. रात्री उशिरापर्यंतचं जागरण, ग्रुपवर एकमेकांची टवाळी, घरी पेटलेलं आणि दुसऱ्या दिवशी वर्गात येणारं भांडण, असे आजचे प्रश्न आहेत. छडीचा धाक शाळेच्या फाटकापर्यंतच चालायचा. हे प्रश्न फाटकाबाहेर जन्मतात. म्हणूनच शिस्तीचं धोरण एकट्या शाळेने लिहिण्याचे दिवस संपले आहेत. रात्री फोन किती वाजता बाजूला ठेवायचा, हे शिक्षक ठरवू शकत नाहीत. वर्गात झालेला अपमान घरी बसून भरून काढणं पालकांनाही शक्य नाही.

असं धोरण करायला मोठा खर्च लागत नाही. नियम मोजके असावेत आणि प्रत्येकाचं कारण मुलांना सांगता यावं. नियम मोडला तर शिक्षेऐवजी भरपाई हवी: बाक खराब केला तर तो स्वच्छ करायचा, कोणाला दुखावलं तर त्याच्याशी बोलून समेट करायचा. पालकांना निरोप फक्त तक्रारीचा जाऊ नये, कौतुकाचाही जावा. मुलावर अन्याय झाला तर त्याने कोणाकडे जायचं, आणि शिक्षकावर खोटा आरोप झाला तर त्यांच्या बाजूने कोण उभं राहायचं, हे दोन्ही लिहून ठेवावं. बैठक संध्याकाळी किंवा सुट्टीच्या दिवशी ठेवली, तर मजुरीवर जाणारे आईबापही येतील. आणि मसुदा तयार होताना मुलांना नक्की विचारावं. स्वतः ठरवलेला नियम मुलं मोठ्यांपेक्षा जास्त काटेकोरपणे पाळतात, हे कोणताही अनुभवी शिक्षक सांगेल.

चाळीस वर्षांत शाळेत काय नसावं, हे देशाने ठरवलं. काय असावं, हे प्रत्येक गावाला आणि प्रत्येक शाळेला स्वतः ठरवायचं आहे. येत्या जूनमध्ये शाळा व्यवस्थापन समितीची किंवा पालक-शिक्षक संघाची पहिली बैठक होईल, तेव्हा पालकांनी ‘शिस्तीचं धोरण’ हा विषय लेखी द्यावा, मुख्याध्यापकांनी तो पहिल्या क्रमांकावर घ्यावा आणि मसुदा ठरेपर्यंत कोणी उठू नये.