काडतूस घरी भरून नेम सुधारत नाही

कळस, इंदापूर, बारामती या पट्ट्यात नेमबाजीचा विषय निघाला की हल्ली एक वाक्य हमखास कानावर येतं : ‘खरे नेमबाज काडतुसं घरीच भरतात. स्वस्त पडतं आणि नेमही पक्का बसतो.’ सांगणाऱ्यानं मोबाइलवर एखाद्या अमेरिकन खेळाडूचा व्हिडिओ पाहिलेला असतो. टेबलाला घट्ट बसवलेलं यंत्र, शेजारी पितळी पुंगळ्यांची रास, दांडा खाली ओढला की तयार काडतूस बाहेर.

पॅरिस ऑलिंपिकमध्ये १ ऑगस्ट २०२४ रोजी स्वप्नील कुसाळेनं ब्राँझपदक जिंकलं. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा मुलगा हे करू शकतो म्हटल्यावर खेड्यापाड्यातले पालक नेमबाजीची चौकशी करू लागले, ही फार चांगली गोष्ट झाली. पण चौकशीबरोबर काडतुसांचं ते वाक्यही गावोगाव फिरू लागलं. ते चुकीचं आहेच, शिवाय एखाद्या पोराचा डोळा घालवणारं आणि त्याच्या बापाला कोर्टाची पायरी चढायला लावणारं आहे. म्हणून आधी त्याचाच निकाल लावू.

मोठा गैरसमज : काडतूस घरी भरलं की पैसे वाचतात आणि नेम सुधारतो

पहिला प्रश्न असा की कोणतं काडतूस? कुसाळेचा प्रकार ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स. राही सरनोबतनं २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकलं तो प्रकार २५ मीटर पिस्तूल. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला जगज्जेती झाली ती ५० मीटर प्रोनमध्ये, म्हणजे पालथं पडून. तिन्हींत वापरतात ते पॉइंट टू-टू बोअरचं काडतूस, आणि ते पुन्हा भरताच येत नाही.

रेंजवर पडलेली टू-टूची रिकामी पुंगळी उचलून तिचा बुडखा पाहा. मधोमध काहीच नसतं. कडेच्या गोल किनारीवर एका जागी घोड्याच्या टोकानं चेपलेला छोटा खड्डा दिसतो. या काडतुसात ठिणगी पाडणारा मसाला त्या दुमडलेल्या किनारीच्या आत भरलेला असतो. किनार चेपली, मसाला पेटला, पुंगळीचं काम संपलं. मोठ्या बोअरच्या काही काडतुसांत बुडाच्या मधोमध वेगळी टोपी बसवलेली असते. ती काढून नवी बसवता येते, आणि व्हिडिओत दिसतात ती काडतुसं या जातीची असतात. पॅरिसला रायफल आणि पिस्तुलाचे एकूण दहा प्रकार झाले. त्यांपैकी सहा हवेच्या बंदुकीचे, म्हणजे त्यांत दारूच नाही. उरलेले चार टू-टूचे. दहापैकी एकातही काडतूस पुन्हा भरायचा प्रश्न येत नाही.

मग हे खेळाडू काडतुसांची काहीच पारख करत नाहीत का? करतात, आणि फार बारकाईनं करतात. एली, लापुआ, आरडब्ल्यूएस या कंपन्यांच्या स्पर्धेच्या काडतुसांवर लॉट नंबर छापलेला असतो. कंपनी तीच, डबा तोच, तरी एका लॉटची काडतुसं एखाद्या रायफलीत एकाच छिद्रात जातात आणि दुसऱ्या लॉटची पसरतात. म्हणून रायफल शिकंज्यात पक्की आवळतात, प्रत्येक लॉटच्या गोळ्या ५० मीटरवर झाडतात आणि सर्वांत घट्ट ग्रुप देणारा लॉट निवडून त्याचाच साठा घेतात. ५० मीटर रायफलीच्या लक्ष्यातलं दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं असतं आणि गोळी साधारण ५.६ मिलिमीटरची. तिथं लॉटच्या फरकानं गुण जातो. ही पारख पूर्णपणे कारखान्यात तयार झालेल्या काडतुसांची आहे.

आता व्हिडिओकडे वळू. तो बहुधा प्रॅक्टिकल शूटिंगचा असतो. हा वेगळाच खेळ आहे. १९७६ मध्ये अमेरिकेतल्या कोलंबिया गावी त्याची आंतरराष्ट्रीय संघटना, आयपीएससी, स्थापन झाली. खेळाडू पळत, वळत, आडोशाआडून लक्ष्यं टिपतो. मिळालेल्या गुणांना लागलेल्या सेकंदांनी भागतात आणि त्यावर क्रम ठरतो. इथं काडतुसाच्या जोराला नियम आहे. गोळीचं वजन ग्रेनमध्ये, वेग सेकंदाला फुटांत, दोन्हींचा गुणाकार करून हजारानं भागायचं. १२४ ग्रेनची गोळी १०५० फूट वेगानं गेली तर आकडा येतो १३०. किमान मर्यादा १२५ ची. स्पर्धेत खेळाडूची काडतुसं वेगमापक यंत्रावर तपासतात. आकडा १२५ च्या खाली गेला तर खेळता येतं, पण गुण मिळत नाहीत.

यातून आणखी एक समजही खोटा ठरतो. हे खेळाडू काडतूस ‘जोरदार’ करण्यासाठी भरत नाहीत. उलट मर्यादेच्या जेमतेम वर राहील, धक्का कमी बसेल आणि पहिल्या गोळीपासून शेवटच्यापर्यंत सारखं वागेल असं काडतूस त्यांना हवं असतं. वर्षाला हजारोंनी गोळ्या झाडणाऱ्याला तिकडं त्यात पैसेही वाचतात. यंत्र, तराजू, वेगमापक आणि पुरेसा वेळ यांचा हिशेब मांडल्यावर वाचतात, हेही व्हिडिओत कोणी सांगत नाही.

आपल्याकडे तर हिशेब तिथवर जातच नाही, कारण आधी कायदा आडवा येतो. प्रॅक्टिकल शूटिंगचं जगभरचं नेहमीचं काडतूस ९ मिलिमीटरचं. लष्करी ९ मिलिमीटर काडतूस चालणारं पिस्तूल भारतात प्रतिबंधित बोअरमध्ये मोडतं. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ७ नुसार केंद्र सरकारच्या खास परवानगीशिवाय ते बाळगता येत नाही.

त्याच कायद्याचं कलम २ वाचावं. दारूगोळ्याच्या व्याख्येत त्याचे सुटे भाग आणि तो बनवण्याची यंत्रसामग्रीसुद्धा धरली आहे. म्हणजे रिकामी पुंगळी खिशात घालून घरी आणणं वाटतं तितकं निरुपद्रवी नाही. शस्त्र बाळगण्याचा परवाना कलम ३ खाली मिळतो, दारूगोळा बनवण्याचा कलम ५ खाली. ‘आमच्याकडे लायसन आहे की’ असं छातीठोकपणे सांगणाऱ्यांजवळ पहिला असतो, दुसरा नसतो. परवान्याशिवाय दारूगोळा बनवण्याला कलम २५ मध्ये शिक्षा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर ती किमान सात वर्षं आणि कमाल जन्मठेप आहे. काडतुसातली दारू आणि टोप्या यांवर आणखी स्फोटक अधिनियम १८८४ आणि स्फोटक नियम २००८ यांचा अंमल आहे. तो पाहणाऱ्या पेसो या केंद्रीय संस्थेचं मुख्यालय नागपूरला आहे. पाचपन्नास रुपये वाचवण्यासाठी एवढं ओढवून घ्यायचं का, याचा विचार घरातल्या मोठ्यांनी करावा.

कायदा बाजूला ठेवला तरी धोका उरतोच. पिस्तुलाच्या पुंगळीत दारू थोडी आणि जागा मोकळी असते. लक्ष विचलित होऊन एकाच पुंगळीत दोनदा दारू पडली तरी वरून गोळी बसते आणि बाहेरून काही कळत नाही. ते काडतूस उडालं की शस्त्र हातात फुटतं. दारू पडायचीच राहिली तर टोपीच्या जोरावर गोळी नळीत अर्ध्यावर जाऊन अडकते. नेमबाजाला ‘फुसका बार’ वाटतो, तो पुढची गोळी झाडतो आणि नळी फाटते. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात १८६९ पासून काडतुसं बनताहेत. अशा कारखान्यात प्रत्येक टप्प्यावर वजन, दाब आणि वेग यांच्या चाचण्या होतात. गोठ्याशेजारच्या खोलीत यातलं काहीही होणार नाही.

दुसरा गैरसमज : महागडं पिस्तूल घेतलं की पदक येतं

याच्या पायी एकेका घरानं उसाचं बिल खर्ची घातलेलं आहे, म्हणून यालाही जागा द्यायला हवी. स्टायर, वाल्थर, मोरिनी, पार्दिनी या कंपन्यांची स्पर्धेची एअर पिस्तुलं उत्तमच असतात. पण चांगल्या पिस्तुलाचं काम इतकंच : प्रत्येक वेळी सारखं वागणं. नेम धरणं त्याच्याकडून होत नाही. दहा मीटर एअर पिस्तुलात दहाचं वर्तुळ ११.५ मिलिमीटरचं असतं. ट्रिगर दाबताना मनगट किंचित ढळलं तर गोळी त्याबाहेर जाते, पिस्तूल दोन लाखांचं असो की रेंजवरचं जुनं असो.

खरेदीत पाहायचं ते वेगळंच. ग्रिप मुलाच्या पंजाला बसते का? तिचे लहान-मोठे आकार मिळतात आणि लाकडी ग्रिप कानस लावून हाताजोगी करून घेता येते. वजन नियमानं दीड किलोपर्यंत चालतं, पण वाढत्या वयाच्या मुलाला ते खांद्याच्या उंचीवर धरून ठेवणं झेपतं का? ट्रिगरचा ताण किमान ५०० ग्रॅम असावा लागतो. नळी उभी धरून ट्रिगरला वजन अडकवतात आणि पिस्तूल उचलून हे तपासतात. जुनं शस्त्र घेताना हवेच्या सिलिंडरवर कोरलेली तारीख आधी वाचा. बहुतेक सिलिंडरांची मुदत दहा वर्षांची असते. मुदत उलटलेलं सिलिंडर घेऊन स्पर्धेला जाता येत नाही, आणि २०० बारपर्यंत हवा भरायच्या वस्तूबाबत ही अट योग्यच आहे.

छर्ऱ्यांचंही तसंच. ४.४९, ४.५० आणि ४.५१ मिलिमीटर अशा बारीक फरकाच्या मापांत ते मिळतात. आपल्या नळीला कोणतं मानवतं ते चाचणी घेऊन ठरवायचं. नवख्याला मात्र स्पर्धेच्या दर्जाचा कोणताही सपाट डोक्याचा छर्रा पुरतो.

बाकीचे गैरसमज, थोडक्यात

*‘तुर्कस्तानच्या त्या माणसानं काहीही साहित्य न वापरता पदक जिंकलं.’* युसुफ दिकेचनं पॅरिसला मिश्र सांघिक प्रकारात रौप्य मिळवलं ते स्पर्धेच्या दर्जाच्या पिस्तुलानंच. कानात बोळे होते, डोळ्यांवर साधा चष्मा होता, आणि २००८ पासूनच्या ऑलिंपिकचा अनुभव पाठीशी होता.

*‘पिस्तुलालाही जाड जॅकेट लागतं.’* जॅकेट आणि पँट रायफलवाल्यांची. पिस्तुलाला घोटा उघडा ठेवणारे सपाट बूट पुरेत.

*‘कोणत्याही बंदुकीला लायसन लागतं.’* ४.५ मिलिमीटर बोअरपर्यंतच्या आणि २० जूलपर्यंत ऊर्जेच्या एअर गनला शस्त्र परवाना लागत नाही. स्पर्धेच्या एअर रायफलीची ऊर्जा सात-आठ जूलच्या आसपास असते. खरेदीच्या वेळी ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा मात्र द्यावा लागतो.

*‘म्हणजे ते खेळणंच झालं.’* सात जूलचा छर्रा डोळा कायमचा घालवतो. मागं भक्कम आडोसा नसेल तर एकही छर्रा सोडायचा नाही.

*‘लायसन नाही, मग माळावर पाखरं मारायला हरकत नाही.’* हरकत आहे, आणि ती गंभीर आहे. कडबनवाडी, शिर्सुफळच्या गवताळ माळांवर फिरणारा चिंकारा, लांडगा आणि आपल्या बांधावरचा मोर हे तिन्ही वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. एअर गननं केलेली शिकार ही शिकारच.

*‘पीकसंरक्षणाच्या परवान्याची बंदूक आहे, तिच्यावर पोराचा सराव होईल.’* परवाना ज्याच्या नावावर आणि ज्या कारणासाठी, त्याच्यापुरताच असतो. अग्निशस्त्राच्या परवान्यासाठी वयाची एकवीस वर्षं पूर्ण असावी लागतात.

*‘छर्रा न घालता चाप ओढला तर काही बिघडत नाही.’* जत्रेत दिसते तशी स्प्रिंगची एअर गन असेल तर बिघडतं. समोर छर्ऱ्याचा अडथळा नसला की आतला दट्ट्या जोरात आपटतो आणि झिजतो.

*‘शिसं हाताला लागलं तर काय होतंय.’* होतं. छर्रे हाताळल्यावर साबणानं हात धुतल्याशिवाय भाकरीला हात लावू नये.

मग सुरुवात कुठून करायची?

शाळेतून करावी. शालेय नेमबाजी स्पर्धांत ओपन साइट एअर रायफलचा प्रकार आहे, त्याला लाखांचं साहित्य लागत नाही. मूल खरंच रमतंय असं दिसलं तर राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीची चौकशी करा. कुसाळेही प्रबोधिनीतूनच घडला. बालेवाडीचं श्री शिवछत्रपती क्रीडासंकुल १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धेसाठी उभं राहिलं, तिथं रेंज आहे. एखादा दिवस काढून मुलाला तिथं न्या आणि राष्ट्रीय दर्जाचा खेळाडू एका गोळीसाठी किती वेळ घेतो, किती वेळा हात खाली आणतो, ते त्याला बघू द्या.

पैशांचा क्रम लक्षात ठेवावा : आधी प्रशिक्षक, मग रेंजची फी आणि छर्रे, शेवटी स्वतःचं शस्त्र. ते घेण्याआधी किमान एक हंगाम रेंजच्या शस्त्रावर काढावा, म्हणजे हाताला काय बसतं हे मुलालाच कळेल. कुसाळेनं पॅरिसला पात्रता फेरीत साठ गोळ्यांत ५९० गुण घेतले आणि आठ जणांत सातवा येऊन अंतिम फेरी गाठली. सगळ्यांच्या हातात जगातल्या उत्तम रायफली होत्या. फरक पडला तो गुडघ्यावर, पालथं आणि उभं अशा तिन्ही स्थितींत शरीर स्थिर ठेवण्याचा.

त्या स्थैर्याचा सराव घरी होतो. स्पर्धेच्या पिस्तुलांना हवा न सोडता नुसता ट्रिगर चालवायची सोय असते. पिस्तूल मोकळं असल्याची दोनदा खात्री करायची, कोऱ्या भिंतीसमोर उभं राहायचं, मागची खाच आणि पुढची माशी एका रेषेत आणायची आणि माशी तसूभरही न हलता ट्रिगर मागं आणायचा. रोज अर्धा तास, पाहायला मोठं माणूस जवळ. यात दारू नाही, पुंगळी नाही, कायद्याचा भंग नाही, खर्चही नाही. मुलाचा नेम सुधारायचा असेल तर वेळ इथं घालवावा.