जुन्या करवतीला नवी मोटार

नाशिकच्या सातपूर-अंबड भागात मोटार रिवाइंड करणारे कारागीर आहेत. त्यामुळे टेबल-करवतीची मोटार जळाली, तरी लगेच नवी घ्यायलाच हवी असं नाही.

नवीच घ्यायची, तर जुन्या मोटारीवरची पाटी आधी वाचावी. एचपीइतकाच फेऱ्यांचा आकडा महत्त्वाचा. आपल्या 50 हर्ट्झच्या विजेवर चार पोलची मोटार मिनिटाला सुमारे 1440 फेऱ्या घेते, दोन पोलची 2880च्या आसपास. पट्ट्यावर चालणाऱ्या करवतीत पुली बदलून पात्याचा वेग जुळवता येतो. शाफ्टची जाडी मात्र हमखास मोजायची राहून जाते!

थ्री फेज मोटार उलटी फिरली, तर वीज बंद करून कुठल्याही दोन फेजच्या वायरींची अदलाबदल पुरते. फिरण्याच्या दिशेची चाचणी पट्टा उतरवूनच करावी. उलट्या फिरण्याने पात्याचा नट सैल होऊ शकतो.