रानाचा अभ्यास आणि चरितार्थ

पदवी-परीक्षेचा निकाल लागला कीं घरोघर एकच विचार सुरू होतो: आतां पुढें काय? मुलगा अभियंता झाला असेल किंवा मुलगी डॉक्टर झाली असेल, तर पुढची वाट मळलेली असते. शेजारीपाजारीहि ती सांगूं शकतात. परंतु वनस्पतिशास्त्र किंवा प्राणिशास्त्र घेऊन बी. एस्सी. झालेला मुलगा जर म्हणाला, "मला रानांत राहून अभ्यासाचें काम करावयाचें आहे," तर वडील क्षणभर स्तब्ध होतात आणि आई विचारते, "म्हणजे नेमकें काय करणार?" प्रश्न अगदीं रास्त आहे. त्याचें उत्तर विद्यार्थ्यांना व पालकांना एकाच वेळीं वाचावयास मिळावें, या हेतूनें आम्हीं हा लेख लिहावयास घेतला आहे.

ज्या शास्त्राविषयीं आम्ही बोलत आहों त्याला मराठींत परिस्थितिविज्ञान म्हणतात. १८६६ सालीं अर्न्स्ट हेकेल या जर्मन प्राणिशास्त्रज्ञानें त्याचें जें नांव रूढ केलें, त्याच्या मुळाशीं 'घर' या अर्थाचा ग्रीक शब्द आहे. घरांत कोण कोण राहतें, कोण काय खातें, एकाच्या जाण्यानें दुसऱ्याचें काय होतें, याचा बिनचूक हिशेब म्हणजे हें शास्त्र. झाडें लावणें किंवा नदीकांठचा कचरा उचलणें हीं कामें चांगलीं आहेत. पण तीं म्हणजे परिस्थितिविज्ञान नव्हे. रुग्णाच्या उशाशीं बसणें हें पुण्यकर्म खरें, परंतु त्याला कोणी वैद्यक म्हणत नाहीं.

या हिशेबाचा उपयोग काय, तें गिधाडांच्या हकीकतीवरून कळेल. राजस्थानांत भरतपूर येथें केवलादेव उद्यान आहे. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे विभु प्रकाश यांनीं १९८० नंतरच्या दशकांत तेथील गिधाडांची मोजदाद करून ठेविली होती. १९९० नंतरच्या दशकाच्या अखेरीस त्यांनीं पुन्हां मोजणी केली, तों पक्षी फारच घटलेले आढळले. पुढें देशभर पाहणी झाली. पांढऱ्या पाठीचीं गिधाडें १९९२ पासून २००७ पर्यंत शेंकडा ९९ हून अधिक नाहींशीं झालीं होतीं. प्रारंभीं एखाद्या सांथीचा संशय घेण्यांत आला. शेवटीं २००४ सालीं पाकिस्तानांत झालेल्या संशोधनावरून कारण उघड झालें: गुरांना दुखण्यावर दिलें जाणारें डायक्लोफिनॅक नांवाचें औषध. हें औषध दिलेलें जनावर मेलें व गिधाडांनीं तें खाल्लें, कीं त्यांचे मूत्रपिंड निकामी होत. २००६ सालीं भारत सरकारनें जनावरांकरितां या औषधाचा वापर बंद केला. यांत ध्यानांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, 'पूर्वीं पुष्कळ गिधाडें दिसत' असें गांवोगांवचे वृद्ध सांगतच होते. पण ज्यानें आधीं मोजून ठेविलें होतें, त्यालाच तें सिद्ध करतां आलें.

आतां पोटाचा प्रश्न. नुसत्या बी. एस्सी.वर मिळणारें काम बहुधा सहायकाचें असतें. एखाद्या संशोधन-प्रकल्पासाठीं सहा महिने किंवा वर्षभर रानाजवळ मुक्काम करावयाचा, पहांटे ठरलेल्या वाटेनें चालून दिसलेले पक्षी टिपावयाचे, दोरीनें चौकट आंखून आंतील झाडांचा घेर छातीच्या उंचीवर मोजावयाचा आणि रात्रीं ते सर्व आंकडे संगणकांत भरावयाचे. वेतन बेताचें, नेमणूक मुदतीची. तरीहि हें काम आम्ही कमी लेखीत नाहीं. जळवा, पाऊस, एकटेपणा आणि रोजचा तोच डाळभात यांना जो तीन महिन्यांत कंटाळला, त्याला आपली आवड कितपत खोल आहे हें एम्. एस्सी.वर दोन वर्षें घालविण्यापूर्वींच कळतें. हा कांहीं लहान लाभ नव्हे.

ज्याला पुढें जावयाचें आहे त्याला पदव्युत्तर शिक्षण हवेंच. डेहराडून येथें १९८२ सालीं स्थापन झालेली भारतीय वन्यजीव संस्था आणि बंगळूर येथील राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र यांचे वन्यजीवविषयक अभ्यासक्रम नांवाजलेले आहेत. तेथें मोजकेच विद्यार्थी घेतात. पुण्यांतहि जैवविविधतेचा अभ्यासक्रम उपलब्ध आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेंत परिस्थितिविज्ञानाचें केंद्र १९८३ सालीं उभें राहिलें, तें मूळच्या पुण्याच्या माधव गाडगीळ यांच्या खटपटीनें. ज्याला संशोधनच करावयाचें आहे त्यानें 'नेट' परीक्षेची तयारी करावी. तींत अभ्यासवृत्तीस पात्र ठरलेल्या विद्यार्थ्याला आरंभीं दरमहा ३७,००० रुपये मिळतात. हा दर १ जानेवारी २०२३ पासूनचा आहे. 'गेट' परीक्षेंतहि परिस्थितिविज्ञान व उत्क्रांति हा स्वतंत्र विषय ठेविलेला आहे, हें पुष्कळ महाविद्यालयांतील मुलांना ठाऊकच नसतें.

सरकारी नोकरीची ओढ आपल्याकडे फार. तेव्हां भारतीय वनसेवेविषयीं दोन शब्द. ही परीक्षा केंद्रीय लोकसेवा आयोग घेतो आणि २०१३ पासून तिची प्राथमिक पायरी नागरी सेवांच्या परीक्षेशीं एकत्र केलेली आहे. वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, रसायन, भूगर्भशास्त्र, गणित, पदार्थविज्ञान, संख्याशास्त्र, पशुवैद्यक यांपैकीं एखाद्या विषयाची, किंवा कृषि, वनशास्त्र अथवा अभियांत्रिकी यांची पदवी लागते. उमेदवाराला चालावेंहि लागतें: पुरुषांनीं चार तासांत २५ किलोमीटर व स्त्रियांनीं १४ किलोमीटर. मात्र वनाधिकाऱ्याचा पुष्कळसा काळ कागदपत्रांत, कज्जेदलालींत व माणसांच्या भांडणांत जातो, हें आधींच जाणून असावें. त्यांतूनहि अभ्यास करणारे निघतात. मारुति चितमपल्ली यांनीं वनखात्यांत नोकरी केली आणि मराठीला पक्षिकोश दिला.

ज्या कामाविषयीं सर्वांत कमी बोललें जातें आणि जेथें नव्या पदवीधराला नोकरी त्यांतल्या त्यांत लौकर लागते, तें काम म्हणजे परिणामांचे अहवाल तयार करणें. खाणी, धरणें, बंदरें, महामार्ग अशा मोठ्या कामांना मंजुरी देण्यापूर्वीं त्यांचा परिसरावर काय परिणाम होईल, याचा अहवाल मागविण्याचा नियम केंद्र सरकारनें १९९४ सालीं केला व २००६ सालीं तो नव्यानें बांधला. हे अहवाल सल्लागार संस्था तयार करतात. त्यांना झाडें, पशु व पक्षी ओळखणारा माणूस लागतो. वेतन बऱ्यापैकीं मिळतें. परंतु अहवालाचा खर्च प्रकल्पाचा मालक देतो, आणि अहवाल लिहावयाचा असतो त्याच प्रकल्पाविषयीं. यादींतून एखादें अडचणीचें नांव वगळावें असें सुचविणारा कधींच भेटणार नाहीं, अशी हमी आम्ही देऊं शकत नाहीं.

शिवाय कोणीहि खोटें न बोलतां अहवाल खोटा होऊं शकतो. शीघ्र पाहणी एकाच ऋतूंतील माहितीवर करतां येते, आणि तो ऋतु पावसाळा नसावा असा संकेत आहे. कोंकणांतील सड्यांचें उदाहरण घ्या. वैशाखांत रत्नागिरीच्या सड्यावर उभें राहिलें तर काळा, तापलेला, निर्जीव कातळ दिसतो. तोच कातळ आषाढ-श्रावणांत दीपकाडीच्या पांढऱ्या फुलांनीं आणि इवल्या कीटकभक्षी वनस्पतींनीं भरून जातो. खळग्यांतून साचलेल्या पाण्यांत बेडकांचीं पिल्लें वळवळतात. उन्हाळ्यांतील पाहणीवर विसंबणारा मनुष्य 'येथें कांहीं नाहीं' असें प्रामाणिकपणें लिहून मोकळा होईल. ज्याला सडा ठाऊक आहे तो निदान एवढें तरी नमूद करील कीं, ही पाहणी उन्हाळ्यांतील असून पावसाळ्यांत पुन्हां पाहणें अवश्य आहे. त्या एका वाक्यासाठीं कदाचित् त्याला वरिष्ठांशीं वाद घालावा लागेल. आमचें सांगणें इतकेंच, कीं पहिल्या दिवसापासून तारीख, वेळ व ठिकाण लिहिलेली स्वतःची वही ठेवावी, छायाचित्रें जपून ठेवावीं आणि जें स्वतः पाहिलें नाहीं त्याखालीं सही करूं नये. नियमाप्रमाणें या अहवालाचा सारांश स्थानिक भाषेंतहि प्रसिद्ध करावा लागतो, आणि जनसुनावणीला येणारा शेतकरी किंवा कोळी तोच वाचतो. स्वच्छ मराठी लिहितां येणारा शास्त्रज्ञ तेथें किती उपयोगी पडेल, हें सांगावयास नको.

गांवपातळीवरहि काम आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक स्थानिक संस्थेनें आपल्या हद्दींतील वनस्पति, प्राणी व लोकांना असलेलें त्यांचें ज्ञान यांची नोंदवही ठेवावयाची असते. महाराष्ट्राचें जैवविविधता मंडळ २०१२ सालीं नागपूर येथें स्थापन झालें. अशा पुष्कळ नोंदवह्या घाईनें भरल्या गेल्या. त्या नीट करण्याचें काम पदवीधर तरुणांचेंच आहे. मात्र त्याला पैसा थोडा आणि धीर फार लागतो.

पदवी खरोखरच आवश्यक आहे काय, असेंहि विद्यार्थी विचारतात आणि सलीम अली यांचें नांव पुढें करतात. १८९६ सालीं मुंबईंत जन्मलेल्या या थोर पक्षिशास्त्रज्ञाजवळ विद्यापीठाची रीतसर पदवी नव्हती, ही गोष्ट खरी. पण याच उणिवेमुळें सरकारी प्राणिसर्वेक्षणांतील जागा त्यांना मिळाली नाहीं, हेंहि तितकेंच खरें. मुंबईच्या वस्तुसंग्रहालयांत त्यांनीं मार्गदर्शक व्याख्यात्याचें काम केलें, पुढें बर्लिनला जाऊन एर्विन श्ट्रेझमान यांच्या हाताखालीं शिक्षण घेतलें आणि १९३० सालीं परत येऊन पाहतात तों, पैशाच्या टंचाईमुळें त्यांची ती जागाच रद्द झालेली! तेव्हां ते सपत्नीक अलिबागेजवळ किहीम येथें जाऊन राहिले. तेथें सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. रोज बसून पाहतां पाहतां त्यांच्या ध्यानीं आलें कीं, नर अर्धें घरटें विणतो, मादी तें पाहून पसंत करते, मग नर तें पुरें करतो आणि लगेच दुसऱ्या मादीसाठीं दुसरें विणावयास घेतो. हा अभ्यास १९३१ सालीं प्रसिद्ध झाला. (आपल्या भाषेनें घरट्याचें सारें श्रेय सुगरणीला देऊन टाकलें आहे, विणकर मात्र नर आहे. मुलींनीं आम्हांला क्षमा करावी.) बेकारीच्या त्या महिन्यांत त्यांनीं जें केलें तें करावयास कोणाची परवानगी लागत नव्हती, हें खरें, पण घरचा आधार व पत्नीची साथ नसती तर तेंहि साधलें नसतें. म्हणून त्यांचा दाखला देऊन पदवी सोडूं नये.

शिकावें काय, तें आतां सांगतों. नांवें ओळखणें हा पाया. ज्याला दोनशें वनस्पति फूल नसतांना पानावरून ओळखतां येतात, तो सहसा रिकामा बसत नाहीं. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयांत फादर ब्लॅटर यांच्या नांवाचा वाळविलेल्या वनस्पतींचा मोठा संग्रह आहे. तेथीलच फादर सांतापाऊ यांनीं खंडाळ्याच्या वनस्पतींवर लिहिलेला ग्रंथ १९५३ सालीं निघाला. अशा संग्रहांत जाऊन ताडून पाहण्याची संवय लावावी. दुसरें संख्याशास्त्र, याला भिऊन पुष्कळ मुलें या शास्त्राकडे वळतात आणि येथेंच तें त्यांना गांठतें. 'आर' ही संगणकभाषा व नकाशे करण्याचें 'क्यूजीआयएस' हें साधन विनामूल्य मिळतें, तेव्हां सबब उरत नाहीं. तिसरें, गांवांतील माणसांशीं बोलतां येणें. धनगर, कातकरी, कोळी यांना जें ठाऊक असतें तें पुस्तकांत सांपडेलच असें नाहीं. आणि त्यांच्याकडून जें शिकलों तें त्यांच्या नांवानिशीं, त्यांना विचारून, नोंदणें हा साधा प्रामाणिकपणा आहे.

पालकांस एक विनंति आहे. पहिलीं चार-पांच वर्षें उत्पन्न अनियमित राहील, हें गृहीत धरावें. घरचें कर्ज फेडावयाचें असेल तर शिक्षकाची किंवा दुसरी स्थिर नोकरी पतकरून सुटीच्या दिवशीं हा अभ्यास चालविण्यांत कोणताहि कमीपणा नाहीं. परंतु 'अनुभव मिळेल' या नांवाखालीं वर्षभर बिनपगारी राबवून घेणारा कोणी भेटला, तर त्यास नकार देण्यास मुलांना आपण पाठबळ द्यावें. महिना-दोन महिने स्वखुशीनें काम करणें निराळें. मुलीला रानांत पाठवितांना काळजी वाटणें स्वाभाविक आहे. तेव्हां निवासाची सोय काय, सोबत कोण, दूरध्वनि कोठें लागतो, तक्रार कोणाकडे करावयाची, हे प्रश्न प्रकल्पाच्या प्रमुखांस आधींच लेखी विचारावे. चांगल्या ठिकाणीं या प्रश्नांचा राग येत नाहीं. मुलग्यांच्या बाबतींतहि ते विचारण्यास हरकत नाहीं. सर्प व विंचू भेद करीत नाहींत.

जे अद्यापि शाळेंतच आहेत त्यांना पदवीपर्यंत थांबण्याचें कारण नाहीं. शाळेच्या आवारांतील एकच झाड निवडावें. दर रविवारीं त्याच वेळीं पाऊण तास त्याच्यापाशीं बसून नवी पालवी, फूल, फळ, येणारे पक्षी व किडे यांची तारखेसह नोंद करावी; नांव ठाऊक नसल्यास चित्र काढावें. पक्ष्यांच्या याद्या 'ईबर्ड' या संगणकीय नोंदवहींत घालतां येतात, आणि तेथें शाळकरी मुलाच्या यादीचाहि उपयोग होतो. वही जाड पुठ्ठ्याची असावी आणि नोंद शिसपेन्सिलीनें करावी; शाई पावसांत पसरते.