दुखणं माहेरचं की सासरचं?

कावीळ म्हटली की आपल्याला आधी आठवतो उसाचा रस, मग पथ्य, आणि मग गावातला माळ घालणारा. पावसाळ्यात खराब पाण्याने होणारी कावीळ बहुधा आपोआपच उतरते, म्हणून श्रेय माळेला मिळतं. पण मैत्रिणींनो, 'बी' काविळीचं, म्हणजे हेपॅटायटिस बीचं, तसं नाही. ती रक्तात वर्षानुवर्षं मुकाट्याने राहू शकते. डोळे पिवळे होत नाहीत, भूक जात नाही, घरातली कामं नेहमीसारखी चालू असतात.

आमच्या भाट्यात ओळखीच्या एका घरी ती कळली सूनबाईंच्या गरोदरपणातल्या रक्ततपासणीत. लगेच तिची ताटवाटी वेगळी झाली. (सासूबाई वाईट नाहीत हो, घाबरल्या होत्या.) शेजारी कुजबुज सुरू झाली, "माहेरचं दुखणं घेऊन आली." मग हळूहळू उलगडलं की तिची आई लिव्हरच्या कॅन्सरने गेली होती. सगळ्यांना सांगितलं होतं 'पोटाचं दुखणं'. धाकटीचं लग्न व्हायचं होतं ना!

ताटवाटीचं आधी सांगते. एकत्र जेवण्याने, एका भांड्यातलं पाणी पिण्याने, मिठी मारण्याने ही कावीळ होत नाही. ती पसरते रक्तातून, शरीरसंबंधातून, एकमेकांचा वस्तरा किंवा दातांचा ब्रश वापरण्यातून आणि बाळंतपणात आईकडून बाळाला. मोठेपणी लागण झाली तर शंभरातल्या पंचाण्णवाहून अधिक जणांचं शरीर तिला हुसकावून लावतं. जन्मतः झाली तर शंभरातल्या नव्वद बाळांच्या शरीरात ती कायमची मुक्काम करते. म्हणून एकाच आईच्या तीन-चार मुलांत ती सापडते, आणि लोक म्हणतात, घराण्याला शाप आहे.

यात घराणं कुठलं? १९८२ साली 'कुली'च्या चित्रीकरणात अमिताभ बच्चन जखमी झाले, तेव्हा दिलेल्या रक्तातून त्यांना ही लागण झाली. बऱ्याच वर्षांनी ते कळलं, तोवर लिव्हरचा पाऊण भाग निकामी झाला होता. हे त्यांनी स्वतःच जाहीरपणे सांगितलं आहे. त्यांना कुणी माहेर विचारलं नाही!

मात्र एका बाबतीत घराण्याची चौकशी करायलाच हवी. तैवानमध्ये ही कावीळ फार, तिथल्या डॉक्टरांनी अनेक कुटुंबं तपासली. नुसती 'बी' असलेल्यांपेक्षा, 'बी' आहे आणि शिवाय आईवडील किंवा सख्ख्या भावंडाला लिव्हरचा कॅन्सर झालेला आहे, अशांना धोका स्पष्टपणे जास्त आढळला. एकाच घरात लहानपणी झालेली लागण, रक्ताचं नातं आणि एकसारखं खाणंपिणं, सगळंच त्यात येतं. खाण्यावरून आठवलं, बुरशी आलेले शेंगदाणे किंवा मका धुऊन, भाजून वापरू नका. त्या बुरशीचं विष भाजूनही पुरतं जात नाही, आणि 'बी' असलेल्याच्या लिव्हरला ते फार घातक. आपल्या दमट हवेत डबा सरळ रिकामा करावा. दारूबद्दल तर बोलायलाच नको.

म्हणजे आईचं 'पोटाचं दुखणं' लपवलं, तेव्हा खरं नुकसान झालं ते मुलांचं. या सूनबाईंचे दोन भाऊ मुंबईला. दोघांनाही काही माहीत नव्हतं. तपासणीत थोरल्याला 'बी' निघाली, धाकटा सुटला, त्याने लस घेतली.

ही लस देशभरातल्या बाळांना सरकारी लसीकरणात मिळू लागली २०११ पासून. तेव्हा आपल्यापैकी बहुतेकींना लहानपणी ती मिळालेली नाही. मोठ्यांना सहा महिन्यांत तीन टोचण्या पुरतात. सूनबाईंच्या यजमानांनी त्या घेतल्या. बाळाला जन्मल्यापासून चोवीस तासांच्या आत लस आणि जोडीला इम्युनोग्लोब्युलिनचं इंजेक्शन दिलं. अंगावरचं दूधही चालू आहे.

ज्याला 'बी' आहे त्याला लगेच औषध लागतंच असं नाही, ते डॉक्टर ठरवतात. २०१८ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात तपासणी आणि औषधं मोफत आहेत. सुरू केलेलं औषध मात्र आपल्या मनाने बंद करायचं नाही, दुखणं एकदम उसळतं.

आणि घरात कॅन्सर झालेला असेल, तर दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी. गाठ लहान असताना दुखत नाही, पण उपाय होतो तो तेव्हाच. थोरल्या भावाला तारखा लक्षात राहीनात. बहिणीनेच ठरवून टाकलं, चाकरमानी शिमग्याला येतो आणि गणपतीला येतो, तेव्हा रत्नागिरीत जाऊन सोनोग्राफी करायची. या शिमग्याला पालखी घरी यायच्या आदल्या दिवशी सकाळी उपाशीपोटी ती त्याला घेऊन गेली.